बारकीची बदली

३ फेब्रुवारी, मंगळवार

लाँड्रीत इस्त्रीचा रोलर चालू, वाफ नाकातोंडात, आणि बारकीचा फोन — दादा, विद्यापीठ बदलू का?

काही ऐकू येईना. म्हटलं, काय बदलू?

विद्यापीठ! वि-द्या-पीठ!

मला वाटलं इमारत पाडून नवीन बांधतायत. म्हटलं, बदलू देत की, आपल्या बापाचं काय जातंय! तर खो खो हसत सुटली. ती हसली की मला बरं वाटतं. माझ्यावर हसली तरी.

जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीच्या मागच्या जिन्यावर बसून परत फोन केला. प्रकरण असं — तिला शिकवणाऱ्या मॅडम तिकडची नोकरी सोडून इथल्या विद्यापीठात आल्या. इथल्या म्हणजे माझ्या गावातल्या! मी ज्या गावात हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुतो त्या. आणि आल्या आल्या बारकीला निरोप — तूही ये, इथे कोळ्यांसाठी वेगळी खोली आहे. बारकी कोळ्यांवर शिकते. आठ पायांच्या. घरात आईला कोपऱ्यातली जळमटं काढू देत नाही. आई झाडू घेऊन एका बाजूला, ही भिंग घेऊन दुसऱ्या बाजूला — हे युद्ध मी डोळ्यांनी बघितलंय.

तर तिथेच राहायचं की इथे यायचं. आली तर झालेलं अर्धं वर्ष परत करावं लागेल. मैत्रिणी सुटतील. घर एका रात्रीच्या प्रवासावर जाईल. पण मॅडम मिळतील.

म्हटलं, मला कशाला विचारतेस? मी आठवी नापास माणूस.

तर म्हणाली, घरात सोडण्याचा अनुभव तुलाच आहे ना दादा.

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती!


४ फेब्रुवारी, बुधवार

सोडण्याचा अनुभव. आज बसून आठवून बघितलं. शाळा. पेट्रोल पंप. टायरचं दुकान. रंगारीकाम — ते तर शिडीवर असतानाच सोडलं, डबा वर आणि मी खाली. बिस्किटांचा कारखाना. रस्ते खणून केबल टाकणारी गँग. बाबा मला भिंगरी म्हणतात. आता गल्लीत तेच नाव चालतं — भिंगरी सध्या कुठल्या गावी?

प्रत्येक वेळी कारण काय होतं? एकाचंही धड सांगता येत नाही. सकाळी उठलो, तळपाय खाजले, निघालो. हे काय बारकीला सांगायचं!


६ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी धमाल झाली. बारकी आईला सोपं करून सांगायला गेली — आई, माझी बदली व्हायची शक्यता आहे. आता आईच्या लेखी बदली होते ती साहेब लोकांची. शेजारच्या नर्सकाकूंना दारातच गाठून तिने सांगून टाकलं, आमच्या बारकीची बदली होतेय हो! संध्याकाळपर्यंत गल्लीभर. पोस्टातले काका अभिनंदन करायला आले. पोरगी कुठल्या खात्यात लागली? आई आतून ओरडली — कोळी खात्यात!

बारकी सांगता सांगता हसून रडकुंडीला आली. दादा, ते विचारत होते, क्वार्टर मिळणार का!

म्हटलं, सांगायचं ना मिळणार म्हणून. जाळीदार.


८ फेब्रुवारी, रविवार

बाबांचा फोन. बाबा स्वतःहून फोन करत नाहीत, आईच्या फोनच्या मागून खोकतात फक्त. आज स्वतः.

म्हणाले, तिला सांग बदली घेऊ नकोस.

बाबा, ती बदली वेगळी. कॉलेजची.

बदली ती बदली.

मी समजावत होतो, पण त्यांना कुठली बदली दिसत होती ते मला कळायला हवं होतं. बाबा कारखान्यात बदली कामगार होते. कोणी गैरहजर राहिलं तर त्याच्या जागी आत घ्यायचे, नाहीतर गेटवरून परत. रोज सकाळी जाऊन उभं राहायचं. कायम व्हायला माझी अख्खी शाळा गेली — म्हणजे मी गेलो तेवढी. भरलेला डबा घरी परत यायचा आणि आम्ही दोघं खूश! डब्यातलं खायला मिळायचं. ते घरातलंच असायचं, पण डब्यातलं वेगळं लागायचं. बाबा भिंतीला टेकून आमच्याकडे बघत बसायचे. मला वाटायचं, त्यांना सुट्टी मिळाली.

आज म्हणाले — दुसऱ्याला ताप आला की आपल्याला काम, असल्या जागी मी उभा राहिलोय. दुसऱ्याला ताप यावा म्हणून मनात आणलंय मी. माझी पोरगी असल्या ठिकाणी जाणार नाही. आहे तिथे ती कायम आहे, तिथेच राहू दे.

म्हटलं, बाबा, शिक्षणात कायम-बदली असं नसतं.

तू सांगणार मला! तुझी तर दर सहा महिन्यांनी बदली!

फोन ठेवला. मग परत केला, दोनच शब्दांसाठी — जेवलास का.


१० फेब्रुवारी, मंगळवार

मावशीला सांगितलं. मावशी म्हणजे माझ्या चादरीचं दुसरं टोक. कोणाची मावशी माहीत नाही, अख्ख्या लाँड्रीची. रोलरमधून चादर गरम बाहेर पडते, दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या. झटका, ताण, मग एकमेकांकडे चालत यायचं, माझे कोपरे तिच्या हातात द्यायचे आणि खालची घडी उचलायची. रोलरच्या आवाजात लांबून बोललेलं काही कळत नाही. म्हणून जवळ आलो की एक वाक्य. उत्तर पुढच्या चादरीला.

बहीण कशावर शिकते म्हणालास?

चादर.

कोळ्यांवर.

चादर.

मासेवाले?

चादर.

नाही गं, जाळंवाले.

चादर. आणि मावशी गंभीर तोंडाने — मासेवाल्यांकडेही जाळंच असतं.

हसता हसता माझा कोपरा सुटला. सुपरवायझरने लांबून शिट्टी मारली. आम्ही त्याला शिट्टीच म्हणतो. मग बऱ्याच चादरींनंतर मावशीने विचारलं, ती इथे यावी असं तुला वाटतं का?

तिचं भलं जिथे असेल तिथे —

पुढची चादर. तिचं नाही विचारलं, तुझं विचारलं.

उशांचे अभ्रे सुरू झाले. अभ्र्याला एकच माणूस लागतो. सुटलो!

इथे लिहायला काय हरकत आहे. वाटतं. फार वाटतं. या गावात मला माझ्या नावाने हाक मारणारं कोणी नाही.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. सहज म्हणून चाललो होतो आणि एक खोली बघून आलो. सहज कसलं! विद्यापीठाच्या बाजूच्या वस्तीत मुद्दाम गेलो. बारकी वसतिगृहात राहील, पण रविवारी कुठे येईल? आम्ही तिघं एका खोलीत राहतो, दोन खाटा, तिसरा जमिनीवर, दोरीवर तिघांच्या लुंग्या. तिथे बहिणीला आणायचं?

ही खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकी आहे. शेगडी ठेवायला कट्टा आहे. कट्ट्याच्या वरच्या कोपऱ्यात मोठं जाळं आणि मधोमध मालक बसलेला. घरमालकीण ओशाळली, देण्याआधी झाडून घेते हो. मी म्हटलं, नको नको, राहू द्या! माझी बहीण येणार आहे.

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं! पण म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत थांबते.


१५ फेब्रुवारी, रविवार

केबलवाल्याचा फोन. आमच्या जुन्या गँगचा मुकादम. नवीन गाव, नवीन रस्ता, मार्चपासून ये. एरवी मी फोन चालू असतानाच पिशवी भरली असती.

नाही म्हणालो! म्हणाला, तुझी तब्येत बरी आहे ना?


१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज विद्यापीठात गेलो. बारकीला म्हटलं होतं, तू कागदावर बघ, मी पायाने बघून येतो.

लाँड्रीत काम करण्याचा एक फायदा — शर्ट. काल शिट्टीची नजर चुकवून माझा शर्ट रोलरमधून काढला. कॉलर इतकी कडक की मान वळेना. गेटवर पहारेकऱ्याने काही विचारलं नाही, उलट सरळ झाला. आत एका घोळक्याने अडवलं, सर, निकाल कधी लागणार? म्हटलं, उद्या. काय आनंदली बिचारी! मग मलाच वाईट वाटलं, पुढच्या कोपऱ्यावरून पळालो.

लांब लांब इमारती. झाडांखाली पोरं आडवी पडून वाचतायत. कोणी ऊठ म्हणत नाही! एका वर्गाच्या दाराशी थोडा वेळ थांबलो. फळ्यावर माशीचा पाय काढला होता, माणसाएवढा. सगळे तो पाय उतरवून घेत होते. मला शाळेत असला पाय कोणी दाखवला नाही. दाखवला असता तर काय, मी राहिलो असतो? काय माहीत.

मॅडमची खोली तळमजल्यावर मागे. नाव विचारून आत घेतलं. बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर, हातात बरणीभर माश्या. म्हणाल्या, एक मिनिट हं, यांचं जेवण चाललंय. भिंतीला काचेच्या डब्यांची रांग. एकेका डब्यात एकेक कोळी. खुर्चीवरचा डबा उचलून मला बसायला जागा दिली.

तुम्हीच का ते दादा? ती फार सांगते तुमच्याबद्दल.

काय सांगत असेल! विचारलं नाही.

मी तयारी करून गेलो होतो. वसतिगृह कसं, मुली किती, अर्धं वर्ष परत करायचं ते टळेल का. मॅडम उत्तरं देत होत्या, पण तुटक. बरणीचं झाकण लावत काढत. मग एकदम म्हणाल्या, तुम्हाला एक सांगायला हवं. ही जागा माझी नाही.

म्हणजे?

इथले सर मोठ्या रजेवर गेलेत. त्यांच्या जागी मी. मला इथेच ठेवून घेतील असं वाटलं होतं, म्हणून तर तिला बोलावलं. आता कळलंय, पुढच्या वर्षी ते परत येतायत. ते आले की मी निघाले.

माझ्या तोंडून निघून गेलं — म्हणजे तुम्ही बदली!

हसल्या. हो, बदलीच म्हणा. पण हसू काही टिकलं नाही. तिला कसं सांगू तेच कळत नाही हो, म्हणाल्या. माझ्या भरवशावर अर्धं वर्ष घालवायला तयार झालीय पोरगी.

मला राग यायला हवा होता. नाही आला. गेटवर उभा राहिलेला माणूस मी ओळखतो.

मग त्यांनी दुसरं सांगितलं. त्या स्वतः जिथे शिकल्या ते विद्यापीठ. समुद्रापलीकडे. विमानाने जावं लागतं. तिथे कोळ्यांचा अख्खा विभाग आहे, एक खोली नाही. मधूनच आलेल्या मुलांना घेतात, फी आणि राहण्याचं तेच बघतात, शिक्षण पुरं होईपर्यंत कोणी हलवत नाही. खरं तर तिने तिथे जावं. मी शिफारस करते. माझ्याकडे शिकलेल्यांत असे डोळे एकीचेच. पण मार्चच्या आत अर्ज गेला पाहिजे.

मॅडम उद्यापासून रानात चालल्यात कोळी गोळा करायला, तिथे फोन लागत नाही. शिफारसीचा कागद त्या विद्यापीठाला आजच पाठवून ठेवणार. दाराशी आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही सांगाल ना तिला? तुमचं ऐकते ती.

हो म्हणालो. म्हणालो!


२० फेब्रुवारी, शुक्रवार

नाही सांगितलं.

बारकीने विचारलं, कसं आहे रे? म्हटलं, बरं आहे. झाडं खूप आहेत.


२२ फेब्रुवारी, रविवार

सांगणार होतो. फोन उचलल्या उचलल्या तीच सुरू झाली — दादा, बाबा हो म्हणाले!

कसं काय?

तर बाबा म्हणाले म्हणे, भिंगरी आहे ना तिथे. असू दे मग बदली तर बदली. कोणी आपलं माणूस आहे.

माझ्या भरवशावर! आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझ्या भरवशावर काहीतरी करतायत. आई म्हणत होती, तिला सकाळी उठवायला फोन करत जा हं, ती गजराला जुमानत नाही. मागून बाबांचं खोकणं.

अशा वेळी काय बोलायचं? मॅडम जाणार आहेत, म्हणायचं? आणि ते दुसरं? समुद्रापलीकडचं?

हिशेब सरळ आहे. गप्प बसलो तर ती इथे येते. अर्धं सांगितलं तर घरी राहते. सगळं सांगितलं तर इतकी लांब जाते की मी कुठल्याच रविवारी तिला भेटू शकत नाही. तिन्हींतलं चांगलं कुठलं ते मला आठवी नापासला पण कळतं. म्हणून तर झोप नाही.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून घड्या वाकड्या. मावशीने तिसरी चादर परत रोलरवर फेकली आणि म्हणाली, तुझं काय ते सांग, नाहीतर अभ्र्यांकडे जा.

चादरीगणिक सांगितलं. मॅडम. रजा. समुद्र. बाबा हो म्हणाले ते. मावशी नुसती घेत होती, कोपरे आणि वाक्यं.

मग तिची पाळी.

बहीण आली आणि मॅडम गेल्या, तर ती इथे कोणासाठी राहील?

चादर.

माझ्यासाठी.

चादर.

आणि तुझे तळपाय खाजले की?

पुढच्या चादरीला मी नुसते कोपरे तिच्या हातात दिले. मावशीने परत विचारलं नाही. हॉस्पिटलची गाडी संपेपर्यंत आम्ही घड्या घातल्या. सगळ्या सरळ आल्या.


२५ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. चहाच्या सुट्टीत, मागच्या जिन्यावरून. आधी मॅडमचं, मग समुद्रापलीकडचं, मग मार्चचं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर गिळलं असतं.

बारकीने विचारलं — तुला कधी कळलं?

गुरुवारी.

आज बुधवार आहे दादा.

माझ्याकडे खोटं तयार होतं. मॅडमनीच थांबायला सांगितलं होतं, असं. नाही बोललो. म्हटलं, तू इथे यावीस असं वाटत होतं. म्हणून.

तिने फोन ठेवला.

परत लावला. उचलला नाही. जिन्यावर चहा निवला, वर साय आली. तसाच पिऊन टाकला.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बारकीचा मेसेज — अर्ज पाठवला. मी तुझ्याशी बोलत नाहीये.

एवढंच. मी दोन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. बोलत नाहीये हे कळवायला तरी बोललीच की!


१ मार्च, रविवार

फोन नाही.


५ मार्च, गुरुवार

घरमालकिणीकडे जाऊन आलो. महिना उलटून गेला तरी बिचारीने खोली ठेवली होती. म्हटलं, नको आता. बहीण नाही येत.

बाई वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या, अरेरे. मग जरा थांबून — मग ते जाळं झाडलं तर चालेल ना?

काय सांगणार? म्हटलं, तुमची खोली, तुमचा झाडू. जिना अर्धा उतरलो, परत वर गेलो. म्हटलं, एका काडीवर घेऊन त्याला बाहेर झाडावर सोडता आलं तर बघा. बाईंनी काडी माझ्याच हातात दिली! खुर्चीवर चढलो. काडी जवळ नेली की तो सरके, परत नेली की परत सरके. मी म्हणतो, अरे बाबा, चल, तिकडे झाड आहे, हवा आहे, माश्या आहेत! खाली बाई पदर तोंडाला लावून हसतायत. शेवटी आला काडीवर. खिडकीबाहेर फांदी होती, तिला लावला. क्षणभर नुसता बसून राहिला. मग दिसेनासा झाला.


१५ मार्च, रविवार

बारकीचा फोन!

हॅलो नाही, काही नाही — दादा, त्यांनी घेतलं मला.

मी ओरडलो. इतका की सगळे टॉवेल सोडून माझ्याकडे बघायला लागले. शिट्टीने शिट्टीसुद्धा मारली नाही. मावशीने लांबून हाताने विचारलं, मी मान हलवली, तिने हातातला अभ्रा डोक्यावर गोल फिरवला.

जिन्यावर जाऊन नीट बोललो. तर पोरगी गळाठलेली. दादा, मला भीती वाटतेय. नाही गेले तर? इथे काय वाईट आहे? मैत्रिणी आहेत, आई आहे. मी पळून चाललेय का रे?

आता मात्र मला उत्तर आलं. म्हटलं, हे बघ, पळण्यातलं मला विचार. पळणारा माणूस मागे बघून निघतो. मी टायरचं दुकान सोडलं तेव्हा पुढे काय आहे मला ठाऊक नव्हतं, मागचं नको होतं एवढंच. तुला मागचं सगळं हवंय आणि तरी तुझी मान तिकडे वळलीय. तुझं पळणं नाही, बाई. तुझं ते — काय म्हणतात — जाणं आहे.

नाक ओढत — आठवी नापास ना तू?

सातवी पास!

मग हसली. मग म्हणाली, मी अजून रागावलेली आहे, पण जरा कमी.

बाबांनी काय म्हटलं विचारलं. त्यांनी म्हणे एकच प्रश्न केला, तिथे कायम आहे का? ही म्हणाली, शिक्षण पुरं होईपर्यंत कोणी काढू शकत नाही. तर बाबा म्हणाले, मग ती बदली नव्हे. जा.

आई? आई विचारतेय, तिकडे घरं झाडतात का.


३० ऑगस्ट, रविवार

बारकी आली आणि गेली. विमान इथूनच. एक दिवस माझ्याकडे. दोघा खोलीवाल्यांनी लुंग्या आवरल्या, खाटेवर धुतलेली चादर घातली, आणि स्वतः बाहेर जाऊन बसले, सभ्य माणसांसारखे.

लाँड्री बघायची म्हणाली. मावशीने तिला जवळ ओढून निरखून बघितलं. अगं, तुझे तर दोनच पाय! मग आपले कोपरे तिच्या हातात दिले आणि बाजूला झाली. बारकी आणि मी. झटका, ताण, चालत या. पहिली घडी इतकी वाकडी की चादर आहे की समोसा कळेना. दुसरी बरी. तिसरीला जवळ आली तेव्हा म्हणाली, दादा, तू नसतंस सांगितलं तर मी आलेच असते इथे.

पुढची चादर. म्हटलं, माहीत आहे.

पुढची. म्हणाली, छान झालं असतं रे.

त्याच्या पुढची चादर मावशीने घेतली.

विमानतळावर काचेच्या आत गेल्यावर माणूस दिसत राहतो पण ऐकू येत नाही. ती काहीतरी बोलली. मी हो हो केलं. काय बोलली कोण जाणे! पायाकडे बोट दाखवत होती बहुतेक. बुटाची नाडी सुटली होती माझी.


६ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन. बारकी पोचली, जेवली, झोपली. मग आई जरा अडखळली. बाबांच्या डोळ्यात पडदा आलाय, शुक्रवारी ऑपरेशन आहे, सोबत कोणीतरी लागेल. बारकी होती तेव्हा प्रश्न नव्हता.

म्हणाली, आता तूच जवळचा ना रे.

मी! जवळचा!

शिट्टीला सांगितलं, मी जातोय, पण परत येणार आहे. त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणालो.